खारवलेलं मटण आणि भाज्या, एकाच भगोन्यात, शिट्टी न वाजवता

खान्देशात मटण कसं करायचं हे कुणाला शिकवायची सोय नाही. कांदा-खोबरं चुलीत भाजा, काळा मसाला टाका, कुकरला शिट्ट्या द्या, वर बोटभर तर्री आली पाहिजे आणि सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी, बास. मी पण तेच खात मोठा झालो आणि आजही रविवारी घरी तेच असतं, त्यामुळे पुढे जे लिहितोय ते वाचून कुणी म्हणू नका की याला आपल्या रस्स्याचा कंटाळा आला. तसं काही नाही.

झालं असं की लहानपणी आम्ही भुसावळला रेल्वे क्वार्टरमधे राहायचो आणि शेजारी एक अँग्लो इंडियन आंटी होत्या. नाताळच्या आठवडाभर आधी त्या मटणाचा मोठा तुकडा मिठात घालून ठेवायच्या, सॉल्ट मीट म्हणायच्या त्याला, आणि मग एका सकाळी मोठ्या भगोन्यात तो तुकडा, आख्खे बटाटे, गाजरं, कोबी असं सगळं एकत्र शेगडीवर चढवून दुपारपर्यंत सोडून द्यायच्या. ना कांदा भाजणं ना मसाला वाटणं. माझी आई अमळनेरकडची, तिने पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हणाली, हाई काय शे वं माय, तर्री कुठे गई? पण खाल्लं आणि गप्प झाली. मटण बोटाने तुटत होतं आणि आतपर्यंत खारट, मिरमिरीत चव, वरवर लागलेली नाही.

खूप वर्षांनी मला कळलं की विलायतेत ज्याला कॉर्न्ड बीफ म्हणतात त्याच्याच घरातली ही गोष्ट. कॉर्न म्हणजे इथे मका नाही, आधीच सांगतो, मला बरेच दिवस वाटायचं की यात मक्याचे दाणे कुठेतरी असतील. जुन्या इंग्रजीत कॉर्न म्हणजे कुठलाही दाणा, आणि मांस खारवायला जाड्या मिठाचे खडे वापरायचे म्हणून ते नाव. आयर्लंडच्या कॉर्क बंदरातून हे खारं गोमांस पिंपं भरभरून जहाजांवर जायचं, इंग्रजांचं आरमार त्याच्यावर चालायचं, आणि गंमत म्हणजे बनवणाऱ्या गरीब आयरिश माणसाला ते परवडायचंच नाही, तो बटाटे खायचा. पुढे तेच लोक न्यूयॉर्कला गेले आणि तिथल्या ज्यू खाटकांकडे हे मांस स्वस्तात मिळायला लागलं, सोबत कोबी सगळ्यात स्वस्त भाजी, म्हणून कॉर्न्ड बीफ आणि कोबी ही जोडी जमली. आता अमेरिकेत १७ मार्चला सेंट पॅट्रिकच्या दिवशी घरोघर होते. आपल्याकडे पण मांस टिकवायची रीत होतीच की, खेड्यात फ्रिज नव्हता तेव्हा लांब पट्ट्या कापून उन्हात वाळवायचे, चान्या म्हणायचे त्याला, फरक इतकाच की तिकडे ऊन नाही म्हणून मीठ आणि आपल्याकडे ऊन फुकट.

महाराष्ट्रात २०१५ पासून गाय, बैल, वळू यांच्या कत्तलीवर बंदी आहे त्यामुळे मी जे सांगणार ते बोकडाच्या मटणाचं. मूळ पदार्थात गाईबैलाच्या छातीचा तुकडा असतो, ब्रिस्केट म्हणतात, तो दिवसभर चालून वजन पेलणारा भाग म्हणून चिवट असतो आणि नेमका त्याच कारणासाठी निवडतात. आपण पण तेच तत्व धरायचं. खाटकाकडे गेलं की आपण सवयीने म्हणतो, भाऊ, कोवळं द्या, रानाचं म्हणजे मांडीचं द्या. इथे उलट मागायचं. पुढचा पाय खांद्यासकट, आख्खा, तुकडे न करता, दीड किलोच्या आसपास. नळीला मधे एकच घाव मारून घ्या म्हणजे भगोन्यात मावतो. छातीचा भाग, सीना, तो पण चालतो, चरबी जरा जास्त निघते. दुकानदार दोनदा विचारेल की साहेब तुकडे नको का, बोटी नको का, त्याला नाही म्हणून सांगा. सवयीने त्याचा सत्तूर चालून जातो, लक्ष ठेवा, माझ्यासोबत झालंय.

आता खारं पाणी. दोन लिटर पाणी, त्यात दीडशे ग्रॅम मीठ, पन्नास ग्रॅम गूळ. मीठ वजन करूनच घ्या, चमच्याने मोजू नका कारण खडेमीठ आणि बारीक मीठ एका वाटीत सारखं भरत नाही, खड्यांमधे हवा राहते. मसाला म्हणून दोन चमचे काळी मिरी जराशी ठेचून, एक चमचा मोहरी, एक चमचा धणे, सहा लवंगा, बोटभर दालचिनी, तीन तेजपानं आणि आठदहा लसूण पाकळ्या ठेचून. तिकडच्या कृतीत ऑलस्पाइस नावाचा एक दाणा असतो, लवंग, दालचिनी आणि जायफळ एकत्र असल्यासारखा वास येतो त्याचा, म्हणून मी जायफळाचं नखभर टाकतो आणि काम भागतं. दगडफूल टाकून बघितलं एकदा, आपल्या काळ्या मसाल्यात असतं तसं, पण तो वास पाण्यात फार पसरतो, मला नाही आवडलं. हे सगळं उकळायचं, मीठ-गूळ विरघळलं की गॅस बंद आणि मग पूर्ण थंड होऊ द्यायचं. पूर्ण म्हणजे पूर्ण. कोमट पाण्यात मटण टाकलं तर ते धड शिजत पण नाही आणि धड टिकत पण नाही, जंतूंना आयतं घर मिळतं. मी आदल्या रात्री पाणी उकळून गार झाल्यावर फ्रिजमधे ठेवतो आणि सकाळी मटण आणतो.

भांडं स्टीलचं, काचेचं किंवा चांगल्या प्लास्टिकचं. ॲल्युमिनियमचं भगोनं नको, मीठ त्याला खातं आणि चार दिवसात पांढरे चट्टे पडतात. मटण पाण्याखाली पूर्ण बुडलं पाहिजे, वर तरंगत असेल तर उलटी ताटली ठेवा आणि तिच्यावर पाण्याने भरलेली वाटी. झाकण लावा आणि फ्रिजमधे खालच्या कप्प्यात, जिथे चार अंश किंवा त्याच्या खाली असतं. खांदा पातळ असतो म्हणून पाच दिवस पुरतात, गोमांसाच्या जाड तुकड्याला तिकडे सात ते दहा दिवस देतात. रोज एकदा उलटापालटा करा, स्वच्छ चमच्याने, हात घालू नका.

हे सगळं थंडीत करा बरं का. मे महिन्यात भुसावळ-जळगाव पंचेचाळीस अंशाला टेकतं आणि त्यात लाईट गेली तर फ्रिज किती वेळ तग धरणार. मी पहिल्यांदा केलं ते एप्रिलच्या शेवटी, तिसऱ्या रात्री लाईट गेली ती सकाळीच आली, मी म्हटलं मिठातच तर आहे काय होतंय, सकाळी झाकण उघडलं तर पाणी चिकट झालेलं, बोटाला तार येत होती. दीड किलो मटण फेकून दिलं आणि बायको आठ दिवस ऐकवत होती. खारं पाणी गढूळ होणं, थोडं लालसर होणं हे ठीक आहे, पण तार आली किंवा आंबूस वास आला तर धुऊन वापरू वगैरे विचार करू नका, सरळ टाका.

आता एक महत्त्वाची गोष्ट, गुलाबी मिठाची, कारण इथे लोक फसतात. फोटोत कॉर्न्ड बीफ गुलाबी दिसतं, आणि इंग्रजी कृतीत लिहिलेलं असतं पिंक सॉल्ट, मग आपण दुकानातून सैंधव घेऊन येतो कारण ते पण गुलाबी आणि पाकिटावर तेच नाव. दोन्हीचा एकमेकांशी काही संबंध नाही! त्यांचं ते पिंक सॉल्ट म्हणजे साध्या मिठात सव्वासहा टक्के सोडियम नायट्राइट मिसळलेलं असतं आणि चुकून कुणी साधं मीठ समजून भाजीत टाकू नये म्हणून त्याला मुद्दाम गुलाबी रंग दिलेला असतो. नायट्राइट मांसातल्या रंगाला धरून ठेवतं म्हणून शिजल्यावर पण लाली राहते, आणि ज्या जंतूमुळे मांसात बोट्युलिझम करणारं भयंकर विष तयार होऊ शकतं त्या जंतूला रोखतं. पण जास्त झालं तर ते स्वतःच विष आहे. सैंधवात यातलं काही नाही, तो नुसता रंगीत मीठाचा दगड. जुन्या काळी याच्यासाठी सोरा वापरायचे, आणि सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे आपल्या रावेर-यावलकडे केळीला ठिबकमधून जे तेरा-शून्य-पंचेचाळीस खत सोडतात ना तेच. आता हे वाचून कुणी हुशार माणूस खताच्या पोत्यात चमचा घालेल म्हणून हात जोडून सांगतो, खत खायचं नसतं, त्यात बाकी काय काय असतं आणि माप किती चुकेल याचा नेम नाही. मी काहीच टाकत नाही. पाच दिवस फ्रिजमधे आणि मग तीन तास शिजवणं, याला साधं मीठ पुरतं, फक्त मटण गुलाबी न होता राखाडी-तपकिरी होतं. अमेरिकेत बोस्टनच्या बाजूला पण असंच बिननायट्राइटचं, राखाडी कॉर्न्ड बीफ करतात आणि त्यांना तेच आवडतं. म्हणजे आपण काही चुकीचं करत नाही.

पाचव्या दिवशी मटण काढा, खारं पाणी फेका, परत वापरायचं नाही. मटण नळाखाली धुऊन साध्या गार पाण्यात तासभर बुडवून ठेवा, मधे एकदा पाणी बदला. ज्यांना मीठ कमी लागतं त्यांनी दोन तास ठेवा, फ्रिजमधेच. आणि इथून पुढे भगोन्यात मिठाचा कण पण टाकायचा नाही, शेवटपर्यंत. आईने एकदा माझ्या मागे सवयीने मूठभर टाकलं होतं, वरून मलाच म्हणते, मीठ नही शे का घरमा, आळणी करी राहिना. तो रस्सा कुणालाच खाता आला नाही.

जाड बुडाचं सातआठ लिटरचं भगोनं घ्या. तळाला दोन कांदे अर्धे कापून, लसणाचा एक आख्खा गड्डा आडवा चिरून, दोन तेजपानं, दहाबारा मिरीदाणे, वरून मटण. मटणाच्या वर दोन बोटं येईल इतकं गार पाणी. गरम पाणी घातलं तर घाण आतच बसते आणि रस्सा गढूळ होतो, गारपासून हळूहळू तापवलं की राखाडी फेस वर येतो, तो झाऱ्याने काढत राहायचा, पहिली पंधरावीस मिनिटं भगोन्यासमोरून हलू नका. फेस थांबला की आच अगदी कमी.

आणि इथेच सगळा खेळ आहे. उकळी नको. मी आंटींना बघायचो तर त्या शेगडीवरचं भगोनं सारखं इकडे तिकडे सरकवायच्या, मला कळायचं नाही का. पाणी खळखळलं की त्या ओरडायच्या. भगोन्याच्या कडेला एखादा बुडबुडा यावा, फुटावा, मग थोडा वेळ काही नाही, मग दुसरा, इतकंच पाहिजे, म्हणजे पाणी पंच्याऐंशी-नव्वद अंशाच्या आसपास आहे. कारण असं की चिवट मांसात जे पांढरे धागे आणि पडदे असतात ते कोलॅजन, ते सत्तर अंशाच्या वर गेलं की हळूहळू विरघळून जिलेटीन होतं, तेच जे पायाचं सूप गार झाल्यावर थरथरतं. पण त्याला वेळ लागतो, तासंतास. आणि त्याच वेळी खळखळा उकळलं तर मांसाचे धागे आखडतात आणि आतला रस पिळून बाहेर टाकतात, धुतलेला टॉवेल पिळावा तसा. मग मटण पाण्यात असून कोरडं लागतं. ऐकायला विचित्र आहे पण करून बघा, मी दुसऱ्या वेळी घाई केली, मोठ्या आचेवर दीड तास उकळलं आणि जे झालं ते चपलेच्या तळव्यासारखं होतं.

गॅसवर आच इतकी कमी राहत नाही ही खरी अडचण. सगळ्यात लहान बर्नर, सगळ्यात कमी, आणि भगोन्याखाली जाड लोखंडी तवा ठेवा, बिर्याणीला दम देताना ठेवतो तसा. झाकण पूर्ण बंद करू नका, पळी आडवी ठेवून फट ठेवा, नाहीतर आत वाफ कोंडून परत उकळी येते. चूल असेल तर मजाच आहे. सुरुवातीला पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, चालतील, भसकन पेटतात आणि उकळी लवकर येते, पण नंतर पऱ्हाट्यांचा भरवसा नाही, आत्ता जाळ आणि आत्ता राख. त्यानंतर बाभळीच्या लाकडाचे निखारे किंवा गोवऱ्यांचा विस्तव करून भगोनं वैलावर, म्हणजे चुलीच्या बाजूच्या तोंडावर, सरकवा. गोवरी धुमसत राहते, तिच्याइतकी मंद आच मला अजून कुठल्या शेगडीत दिसली नाही, आमच्या आजीचं दूध दिवसभर तिच्यावर असायचं आणि साय जाड चटईसारखी यायची. सांगायचं काय तर ही रीत आपल्याला नवी नाहीच, दुधाला करतो ते मटणाला करायचं.

कुकरचं विचाराल तर, होतं, खोटं कशाला बोलू. शिट्टी झाल्यावर बारीक आचेवर चाळीस-पंचेचाळीस मिनिटं, मग वाफ आपोआप जाऊ द्यायची. आत एकशेवीस अंशापर्यंत जातं म्हणून काम लवकर उरकतं, मऊ पण होतं, पण धागे सुटून चोथा होतो आणि काप निघत नाहीत. बाजारात विजेचा स्लो कुकर मिळतो तो असेल तर लो वर आठ तास नाहीतर हाय वर चारपाच तास. त्याच्यात एक उलटं आहे, बटाटे-गाजरं खाली आणि मटण वर ठेवायचं, आणि भाज्या सुरुवातीपासूनच, कारण त्या मंद आचेत कंदमुळं मटणापेक्षा सावकाश शिजतात. पण त्या स्लो कुकरमधे राजमा कच्चा टाकू नका. मित्राच्या डोक्यात होतं टाकायचं. राजम्यात एक विषारी द्रव्य असतं, ते घालवायला आधी भिजवून खळखळून दहा मिनिटं तरी उकळावा लागतो आणि स्लो कुकर तेवढा तापतच नाही.

भगोन्यातलं मटण अडीच ते तीन तास घेईल, बोकड किती जून त्यावर आहे. मधे पाणी कमी झालं तर गरम पाणी घाला. सुरी जाड भागात टोचा, लोण्यात गेल्यासारखी नको, पण अडकता पण कामा नये, नळीजवळचं मांस मागे सरकून हाड दिसायला लागलं की समजा आलं. दोन तास झाले की भाज्यांची तयारी करा.

भाज्या सगळ्या एकदम टाकल्या तर कोबीचा लगदा आणि बटाटा कच्चा, म्हणून ज्याला जास्त वेळ तो आधी. मटण जेव्हा जवळजवळ होत आलं, अजून चाळीस मिनिटं लागतील असं वाटलं, तेव्हा बटाटे, लहान असतील तर आख्खे सालासकट, मोठे असतील तर दोन फोडी. नवलकोल मिळाला तर तो पण चार फोडी करून. त्याच्यानंतर दहा मिनिटांनी गाजरं, बोटभर लांबीचे जाड तुकडे. थंडीतलं आपलं लाल गाजर गोड पण लवकर मऊ पडतं, त्याला वीस मिनिटं बस, केशरी गाजर जरा दम धरतं. टोमॅटो, चिंच, लिंबू यातलं काहीही आत्ता टाकू नका, आंबटाने बटाटा आवळून धरतो आणि मग तासभर शिजवा नाहीतर दोन तास, मधे कडकच.

इथे माझी स्वतःची भर म्हणजे कच्ची केळी. तिकडच्या कृतीत नाही, आंटींच्यात पण नव्हती, पण जळगाव जिल्ह्यात राहून भगोन्यात केळी टाकायची नाही म्हणजे काय. भाजीची हिरवीगार कडक केळी, हाताला तेल लावून सोला नाहीतर चिकाने हात काळे होतात, तीन-तीन इंचाचे तुकडे करून ताकात नाहीतर मिठाच्या पाण्यात टाका म्हणजे काळी पडत नाहीत. शेवटची पंधरा मिनिटं. खारा रस्सा पिऊन ती आतून मऊ आणि बाहेरून घट्ट राहतात, बटाट्यापेक्षा मला हीच आवडतात. वांगी मात्र नको. आपलं भरीताचं वांगं कितीही लाडकं असलं तरी पाण्यात त्याचं काही राहत नाही, ते तुराट्यांवर, तुरीच्या वाळक्या काड्यांवर, भाजायला जन्माला आलंय.

कोबी सगळ्यात शेवटी, मधला दांडा न काढता सहा फाका करा, दांड्यामुळे पानं सुटत नाहीत. पंधरा मिनिटं, जास्त नाही. कोबी जास्त शिजला की गंधकाचा तो घाण वास सुटतो, शाळेतल्या डब्यासारखा, आणि मग सगळ्या भगोन्याला लागतो. जागा नसेल तर मटण आधी बाहेर काढा आणि त्याच रस्स्यात कोबी शिजवा, मी बहुतेक वेळा असंच करतो कारण मटणाला तसंही थोडं बसायला पाहिजे.

मटण काढून परातीत ठेवा, वरून ताट झाका आणि पंधरावीस मिनिटं हात लावू नका. घरच्यांना हे पटत नाही, सगळे ताटं घेऊन बसलेले असतात. पण लगेच कापलं तर सगळा रस परातीत वाहून जातो. मग कापताना धागे कुठल्या दिशेला जातात ते बघा आणि त्यांना आडवं कापा. धाग्यांच्या बाजूनेच कापलं तर प्रत्येक घासाला दोरी चावल्यासारखं होतं, आडवं कापलं की धागे तुकड्यात तुटून जातात आणि तेच मटण मऊ लागतं. खांद्याच्या भागात धागे वेगवेगळ्या दिशेला जातात त्यामुळे मधे मधे सुरी फिरवावी लागते, जमलं नाही तर हाताने तोडा, चव बदलत नाही.

रस्सा गाळून चाखा. खारट वाटला तर अर्धा काढा आणि तेवढंच गरम पाणी घाला. कणकेचा गोळा टाका, बटाटा टाका, तो मीठ ओढून घेतो, असं सगळ्यांच्या आया सांगतात, पण बटाटा काही मीठ वेगळं काढून घेत नाही, जसा रस्सा तसा थोडासा शोषतो आणि बाकीचा जितका खारट होता तितकाच राहतो. पाणी वाढवणं हाच उपाय.

खाताना, एका ताटात मटणाचे काप, भाज्या, वाटीत गाळलेला रस्सा आणि त्यावर लिंबू पिळून. तिकडे याच्यासोबत मोहरीची चटणी खातात आणि ती आपल्याला फार जवळची आहे, लोणच्याला मोहरी फेसतो ना तशी. दोन चमचे मोहरी पाट्यावर थोडं थोडं पाणी घालत वाटायची आणि मग वाटीत फेसायची, नाकात झणका गेला की झाली, चिमूटभर साखर आणि लिंबू, मीठ नको. त्याच्या जोडीला हिरव्या मिरचीचा ठेचा ठेवावाच लागतो कारण आमच्या घरात तिखट नसेल तर जेवण झालं असं कुणी मानत नाही. भाकरी कळण्याचीच, रस्सा पिऊन घेते. भातावर पण चांगलं लागतं. तर्री नाही म्हणून वडिलांचा चेहरा अजून पण पडतो, त्यांच्या वाटीत मी लाल तिखटाची फोडणी वेगळी ओततो आणि मग ते पण खातात, बोलत काही नाहीत.

दीड किलोत सहा माणसं नीट जेवतात आणि थोडं उरतं, उरलंच पाहिजे, कारण दुसऱ्या दिवशीची गोष्ट वेगळीच आहे. जेवण झालं की दोन तासाच्या आत फ्रिजमधे, उन्हाळा असेल तर तासाभरात, मटण आणि रस्सा वेगवेगळ्या डब्यात. सकाळी रस्स्यावर चरबीचा पांढरा थर जमलेला असतो आणि खाली रस्सा जेलीसारखा हलतो, तो हलला म्हणजे आदल्या दिवशी आच बरोबर होती. तो चरबीचा थर फेकू नका. लोखंडी तव्यात तीच चरबी वितळवा, त्यात बारीक कांदा, दोन हिरव्या मिरच्या, उरलेले बटाटे आणि केळी हाताने कुस्करून, मटण बारीक तोडून, सगळं तव्यावर दाबून पसरवा आणि हलवू नका, खाली खरपूस खपली धरू द्या, मग उलथन्याने खरवडून उलटवा आणि परत दाबा. इंग्रज याला हॅश म्हणतात. आमच्याकडे मुलं मटणाची भुर्जी म्हणतात आणि खरं सांगतो, खपलीवरून भांडणं होतात.